आतड्याच्या पेशीत शिरलेल्या जिवाणूचे काय होते?

आपल्या आतड्याचे अस्तर पेशींच्या एकाच थराचे असते. त्याच्या एका बाजूला अब्जावधी जिवाणू आणि दुसऱ्या बाजूला रक्तवाहिन्या व संरक्षक पेशी असतात. अस्तरावर श्लेष्म्याचे आवरण असते आणि त्यातील बहुतेक पेशी चार-पाच दिवसांत बदलल्या जातात, तरीही काही जिवाणू पेशींच्या आत शिरतातच. आतड्याचा दीर्घकालीन दाह, विशेषतः क्रोन्स हा आजार, समजावून सांगताना बहुधा ‘प्रतिकारशक्ती चवताळली’ एवढेच म्हटले जाते. मला त्याआधीची पायरी अधिक मोलाची वाटते, कारण आत शिरलेल्या जिवाणूची विल्हेवाट अर्धवट राहिली, तर दाहाला सततचे निमित्त मिळत राहते.

ही विल्हेवाट साल्मोनेलाच्या बाबतीत बारकाईने पाहता आली आहे. पेशीत शिरताना हा जिवाणू पेशीच्याच पटलाच्या पिशवीत गुंडाळला जातो. ती पिशवी फाटली, की तिच्या आतल्या बाजूच्या, एरवी झाकलेल्या शर्करा पेशीद्रवात उघड्या पडतात. गॅलेक्टिन-८ नावाचे प्रथिन त्यांना चिकटते आणि एनडीपी५२ या दुसऱ्या प्रथिनाला तेथे खेचून आणते. मोकळ्या झालेल्या जिवाणूवर युबिक्विटिन या चिमुकल्या प्रथिनाचा लेपही चढतो. मग त्याच्याभोवती दुहेरी पटल वाढू लागते, ते पूर्ण मिटते आणि अखेर लायसोसोमशी, म्हणजे पेशीतील पचनाच्या पिशवीशी, एकरूप होते. तेथील आम्लात आणि विकरांत जिवाणूचे तुकडे होतात.

पेशी आपले स्वतःचे निकामी भागही याच यंत्रणेने पचवते, म्हणून तिला स्वभक्षण म्हणतात. तिची जनुके यीस्टमध्ये शोधणारे जपानी शास्त्रज्ञ योशिनोरी ओसुमी यांना २०१६चे नोबेल पारितोषिक मिळाले.

क्रोन्सशी तिचा संबंध २००७ साली उघड झाला. रुग्णांच्या जनुकांची तपासणी करताना एटीजी१६एल१ या स्वभक्षणाच्या जनुकातील एक बदल पुढे आला. त्यात प्रथिनाच्या ३००व्या जागी थ्रिओनिन या अमिनो आम्लाऐवजी ॲलनिन हे दुसरे अमिनो आम्ल येते. एवढ्याशा बदलामुळे पेशीवर ताण आला असता कॅस्पेज-३ हे विकर त्या प्रथिनाला सहज तोडते, आणि नेमकी गरज असताना स्वभक्षण मंदावते. क्रोन्सशी जोडले गेलेले पहिले जनुक, म्हणजे २००१ साली सापडलेले नॉड२, जिवाणूच्या भित्तिकेचे तुकडे ओळखणारे प्रथिन घडवते. पुढे असे दिसले, की जिवाणू जेथून शिरतो तेथे नॉड२ हेच एटीजी१६एल१ला बोलावून आणते. ओळखणारा आणि पचवणारा असे दोन वेगळे वाटणारे दुवे एकाच साखळीचे निघाले, ही या संशोधनातील मला सर्वांत समाधान देणारी गोष्ट वाटते.

क्रोन्सच्या अनेक रुग्णांच्या लहान आतड्याच्या शेवटच्या भागात ई. कोलायचा एक चिवट प्रकार आढळतो. तो अस्तराला चिकटतो, आत घुसतो, आणि स्वभक्षण दुबळे असलेल्या पेशींत अधिक जोमाने वाढतो. पण दोष तेवढ्यावर थांबत नाही. लहान आतड्याच्या सूक्ष्म खळग्यांच्या तळाशी पॅनेथ पेशी असतात आणि त्या जिवाणूनाशक प्रथिनांचे कण बाहेर सोडतात. एटीजी१६एल१ कमी पडलेल्या उंदरांत आणि हा बदल असलेल्या रुग्णांतही हे कण विस्कळीत झालेले दिसले, म्हणजे पेशीबाहेरचा बंदोबस्तही ढासळला होता.

तरीही या जनुकाला एकटे दोषी धरणे चुकीचे आहे. युरोपीय वंशाच्या निम्म्याहून अधिक लोकांत या बदलाची निदान एक प्रत असते आणि त्यांतील बहुतेकांना हा आजार कधीच होत नाही. उंदरांवरील प्रयोगांत पॅनेथ पेशींमधील बिघाड दिसण्यासाठी जनुकीय उणिवेच्या जोडीला नोरोव्हायरसचा संसर्गही लागला. तो विषाणू नसलेल्या उंदरांच्या पॅनेथ पेशी, जनुकीय उणीव असूनही, सुस्थितीत राहिल्या.