'लोकेशन टाका'च्या आधी

सोलापुरात पत्ता सांगताना रस्त्याचं नाव क्वचितच येतं. वेस येते, चौक येतो, मारुती येतो. बाळीवेस, विजापूर वेस, कन्ना चौक, मधला मारुती ही नावं रिक्षावाल्याला पाठ असतात. समोरच्या रस्त्याला पाटीवर काय म्हटलंय ते विचारलं तर तोच आपल्याकडे बघत राहतो. अशा गावासाठी घरपोच सामान देणारं किंवा पाण्याचा टँकर बोलावणारं अ‍ॅप करायला घेतलं की नकाशा लागतोच. तो जोडताना पहिल्याच आठवड्यात कळतं, की ही दोन वेगळी कामं आहेत: माणूस उभा कुठं आहे ते काढणं, आणि त्या जागेला लोक काय म्हणतात ते काढणं.

पहिलं काम आज फुकटात होतं, पण त्यामागे मोठा खर्च झालाय. अमेरिकेच्या संरक्षण खात्यानं 1973 मध्ये जीपीएसचं काम हाती घेतलं, 1978 मध्ये पहिला उपग्रह गेला आणि 1995 मध्ये यंत्रणा पूर्ण झाली. सामान्य लोकांना मिळणारा सिग्नल मात्र मुद्दाम बिघडवलेला असे, त्यामुळे जागा शंभरेक मीटर इकडेतिकडे दाखवली जायची. आमच्या सात रस्ता चौकात शंभर मीटरची चूक म्हणजे माणूस भलत्याच रस्त्याला लागला. मे 2000 मध्ये ही बिघडवणूक थांबली आणि चूक दहा-वीस मीटरवर आली. फोनमधल्या नकाशाची खरी सुरुवात मी तिथून धरतो.

तरी फोनमध्ये जीपीएस यायला वेळ लागला. गूगल मॅप्स फेब्रुवारी 2005 मध्ये संगणकावर आलं आणि त्याच वर्षाच्या अखेरीस जावा या संगणकभाषेवर चालणाऱ्या साध्या फोनवरही. 2007 मध्ये त्यात 'माझं ठिकाण' दाखवायची सोय झाली, ती चक्क मोबाइल टॉवरवरून अंदाज बांधून. पहिल्या आयफोनमध्येही जीपीएस नव्हतं, ते 2008 च्या मॉडेलमध्ये आलं. नुसत्या उपग्रहांवर विसंबलं तर बराच वेळ जीपीएस न वापरलेल्या फोनला त्यांच्या कक्षेची माहिती उतरवून घ्यायलाच अर्धा मिनिट लागतो, चाटी गल्लीसारख्या दाटीत त्याहून जास्त. म्हणून फोन ती माहिती इंटरनेटवरून घेतो आणि टॉवर, वायफाय, उपग्रह यांची मोट बांधतो. अँड्रॉइडवर 2013 पासून ही मोट गूगलच्या सेवेकडूनच तयार मिळू लागली आणि प्रोग्रॅमरचा डोक्याचा ताप निम्मा झाला.

उरलेला निम्मा आम्ही स्वतः ओढवून घेतो. काही ठिकाणी अक्षांश आधी लिहितात, काही ठिकाणी रेखांश. आमच्या पहिल्या चाचणीत सिद्धेश्वर मंदिराचे आकडे, 17.67 आणि 75.91, उलटे पडले. नकाशा उघडला तर पिन नॉर्वेच्याही वर, स्वालबार्ड बेटांच्या दक्षिणेला, थंड समुद्रात! तलावाकाठचं मंदिर दिसेना म्हणून आम्ही तासभर इंटरनेटला दोष देत बसलो होतो.

परवानगीचा प्रश्न नंतर आला. सुरुवातीला अँड्रॉइड अ‍ॅप बसवतानाच सगळ्याला एकदम 'हो' म्हणावं लागे. 2015 पासून अ‍ॅपला वापराच्या वेळी विचारावं लागतं, 2019 मध्ये अ‍ॅप बंद असताना ठिकाण बघण्याची परवानगी वेगळी झाली आणि 2021 मध्ये 'अंदाजे ठिकाण' हा पर्याय आला. हे योग्यच झालं. टॉर्चच्या अ‍ॅपला माझं घर कळायचं कारण काय?

पैशाचा धक्का जुलै 2018 चा. तोवर वेबसाइटवर गूगलचा नकाशा दिवसाला 25 हजार वेळा फुकट उघडता येत होता. मग बिलाचं खातं काढणं सक्तीचं झालं. फोनच्या अ‍ॅपमध्ये नुसता नकाशा दाखवणं तेव्हाही फुकट राहिलं. लिहिलेल्या पत्त्याचं ठिकाण शोधून देण्याला मात्र हजारामागे पाच डॉलर पडू लागले. चित्र फुकट, नावाला पैसे. भारतात 2024 च्या जुलैमध्ये ओला मॅप्स आलं आणि ऑगस्टपासून गूगलनं आपले दर 70 टक्क्यांपर्यंत उतरवले. छोट्या गावातल्या छोट्या अ‍ॅपवाल्यांना तेव्हा जरा श्वास मिळाला.

नावांचं दुखणं मुळात टपालाचं. एकाच नावाची अनेक गावं आणि वेगवेगळ्या लिप्यांतले पत्ते, यावर तोडगा म्हणून श्रीराम भिकाजी वेलणकर या संस्कृत जाणकार अधिकाऱ्यानं पिन कोडची रचना केली; तो 15 ऑगस्ट 1972 पासून लागू झाला. आमचं 413001 तिथलंच. पण पिन कोड पत्र पोस्टापर्यंत नेतो, दारापर्यंत नाही. दारापर्यंत पोस्टमन नेतो, कारण त्याला मराठी, कानडी, तेलुगू आणि उर्दू या चारही भाषांतली गल्लीची नावं कळतात. अ‍ॅपच्या शोधपेटीला ती कळत नाहीत. पूर्व भागातल्या आजी चौकाचं नाव जसं उच्चारतात, तसं इंग्रजी अक्षरांत टाइप केलं की उत्तर कोरं.

सरकारी नियमांनीही उशीर केला. तपशीलवार नकाशे करायला पूर्वपरवानगीची अट होती, ती भारतीय कंपन्यांसाठी 15 फेब्रुवारी 2021 ला गेली. त्यामुळेच 2022 मध्ये रस्त्यांचे फोटो दाखवणारं गूगलचं स्ट्रीट व्ह्यू भारतीय कंपन्यांना सोबत घेऊन देशात आलं. पहिल्या दहा शहरांत पुणे, नाशिक, अगदी अहमदनगरही होतं. सोलापूर नव्हतं. असो.

गंमत म्हणजे ठिकाणांची यादी करून ती क्रमानं फिरायची रीत या गावाला जुनी आहे. बाराव्या शतकात सिद्धरामेश्वरांनी इथं 68 लिंगं स्थापन केली, आणि संक्रांतीच्या यात्रेत सात नंदीध्वज, म्हणजे सजवलेल्या उंच काठ्या, आजही त्या 68 ठिकाणी तैलाभिषेकाला जातात. मार्ग ठरलेला, थांबे ठरलेले, आणि तो कुठल्याही सर्व्हरवर नाही, मानकऱ्यांच्या डोक्यात आहे.

टपाल खात्यानं 2025 मध्ये डिजीपिन आणला. देशाचे सुमारे चार मीटर बाय चार मीटरचे चौकोन आणि प्रत्येकाला दहा अक्षरांचा संकेत. सोलापूरजवळच्या कुंभारीच्या गोदूताई परुळेकर वसाहतीत विडी कामगारांची दहा हजार एकसारखी घरं आहेत, तिथं याचा उपयोग होईल असं मला मनापासून वाटतं. तोवर आमच्या अ‍ॅपमध्ये नकाशाखाली 'जवळची खूण' अशी एक रिकामी चौकट आहे. परवाच्या एका ऑर्डरवर तीत लिहिलं होतं: 'टाकीच्या मागं, गिरणीत विचारा, आमचं नाव सांगा.'