बुध ग्रहाच्या अवकाशयान मोहिमा

सूर्याला सर्वांत जवळच्या ग्रहाचे अवकाशयानांच्या साहाय्याने केलेले संशोधन. आजवर तीनच याने बुधाजवळ पोहोचली : मरिनर–१० (१९७४–७५), मेसेंजर (कक्षेत २०११–१५) आणि बेपीकोलंबो (प्रक्षेपण २०१८). पृष्ठभागावर अलगद उतरलेले एकही यान नाही.

पृथ्वीवरून बुध आकाशात सूर्यापासून २८ अंशांहून अधिक दूर कधीच दिसत नाही. त्यामुळे तो पहाटे किंवा तिन्हीसांजेला, क्षितिजालगतच्या गढूळ हवेतून पाहावा लागतो. हबल दुर्बीणही सूर्याच्या इतक्या जवळ रोखता येत नाही. या अडचणीची किंमत इतिहासात दिसते. इटालियन ज्योतिर्विद जोव्हान्नी स्क्यापारेल्ली यांनी १८८९ मध्ये बुधाचे परिवलन (स्वतःभोवतीची एक फेरी) ८८ दिवसांचे, म्हणजे त्याच्या वर्षाइतकेच, असल्याचे जाहीर केले आणि पाऊणशे वर्षे ते ग्राह्य धरले गेले. १९६५ मध्ये पोर्तो रिकोतील आरेसिबो येथील रडार निरीक्षणांवरून संशोधक पेटेंगिल व डाइस यांना हा काळ सु. ५९ दिवस आढळला. दोन प्रदक्षिणांत तीन परिवलने होतात, हे त्यामागील गणित पाडुआचे ज्यूझेप्पे कोलंबो यांनी मांडले. निरीक्षणास सोयीच्या काळात बहुधा तीच बाजू पुन्हा समोर येत असल्याने ही चूक घडली असावी. स्क्यापारेल्ली यांच्या नजरेला दोष देण्याचे कारण नाही.

बुधावर याने धाडण्यामागचे मुख्य कारण त्याची घनता हे आहे. ती दर घन सेंमी.ला ५.४३ ग्रॅ., पृथ्वीच्या किंचित खाली. पण पृथ्वीच्या अंतर्भागातील प्रचंड दाबाचा परिणाम वजा केला, तर बुधच अधिक घन ठरतो. सु. २,४४० किमी. त्रिज्येच्या या गोळ्यात लोहयुक्त गाभाच सु. २,००० किमी. त्रिज्येचा आहे, त्यावरचा खडक जेमतेम ४०० किमी. जाडीचा. एवढा गाभा कोठून आला, याविषयी मतभेद आहेत. सूर्याभोवतीच्या आदिम वायूत हलके सिलिकेट (खडकाचे) कण मागे खेचले जाऊन जड लोहकण उरले, असे स्टुअर्ट वायडनशिलिंग यांनी १९७८ मध्ये सुचविले. कॅमेरॉन यांनी १९८५ मध्ये बाह्य खडक तीव्र उष्णतेने बाष्परूप होऊन गेला, असे म्हटले. बेंझ व सहकाऱ्यांच्या मते (१९८८) एका महाआघाताने प्रावरण (गाभ्यावरचा खडकाचा थर) उडाले. तिन्ही मतांची कसोटी पृष्ठभागाच्या रासायनिक घडणीत होती, आणि ती दुर्बिणीतून पुरेशी कळत नाही. मेसेंजरवरील गॅमा किरण वर्णपटमापकाला पोटॅशियमचे थोरियमशी असलेले प्रमाण मंगळासारखे आढळले. क्ष–किरण मापनात गंधक वजनाने सु. ४ टक्क्यांपर्यंत निघाले. उष्णतेने चटकन उडून जाणारी पोटॅशियम व गंधक ही द्रव्ये शाबूत असल्याने बाष्पीभवनाचे मत आज मागे पडले आहे. साध्या महाआघाताच्या कल्पनेलाही त्यामुळे अडचण येते. बुध स्वतःच मोठ्या ग्रहाला घासून गेला व प्रावरण गमावून बसला, हे ॲस्फॉग व रॉयफर यांचे मत (२०१४) त्यातल्या त्यात जुळते. निर्णायक पुरावा मात्र नाही. परताऱ्यांभोवती (सूर्याखेरीज इतर ताऱ्यांभोवती) त्यांच्या अगदी निकट फिरणारे घन ग्रह सापडू लागल्याने या वादाला व्यापक अर्थ आला आहे.

मरिनर–१० ला बुधाभोवती चुंबकीय क्षेत्र आढळले, ते अनपेक्षित होते. असे क्षेत्र द्रवरूप गाभ्यात उपजते, आणि इतका लहान गोळा आतून थिजला असेल, असा समज होता. क्षेत्र पृथ्वीच्या सु. एक टक्का आहे. त्याचे केंद्र ग्रहाच्या केंद्रापासून सु. ४८० किमी. उत्तरेला सरकलेले असल्याचे पुढे मेसेंजरने दाखविले. ध्रुवांजवळच्या विवरांतील रडारला चकाकणारे भाग १९९१ मध्ये पृथ्वीवरूनच दिसले होते. दिवसा ४३० अंश से. तापणाऱ्या ग्रहावर बर्फ, ही कल्पना विचित्र वाटे. पण बुधाचा अक्ष जवळजवळ सरळ असल्याने काही विवरांच्या तळाशी ऊन कधी पोहोचतच नाही. २०१२ मध्ये न्यूट्रॉन मापनाने बर्फाच्या बाजूने कौल दिला. बुधाभोवतीच्या अतिविरळ वायूच्या आवरणात (बहिर्मंडलात) सोडियम आढळते.

तेथे पोहोचणे मात्र कठीण. सूर्याकडे कोसळणारे यान वेग घेत जाते आणि त्याला आवरण्यास हवा नाही. म्हणून ३ ऑगस्ट २००४ रोजी निघालेले मेसेंजर पृथ्वीजवळून एकदा, शुक्राजवळून दोनदा व बुधाजवळून तीनदा वेग जुळवीत १८ मार्च २०११ रोजी कक्षेत शिरले. त्याच्यापुढे सु. २.५ मी. उंचीची सिरॅमिक कापडाची छत्री होती. तिची सूर्याकडील बाजू ३५० अंशांवर तापत असता आडोशाची उपकरणे घरातल्या तापमानात राहत. इंधन संपल्यावर टाक्यांवर दाब ठेवणारा हीलियम वायूच सोडून यान काही आठवडे तगवले गेले. ३० एप्रिल २०१५ रोजी ते सेकंदाला सु. ३.९ किमी. वेगाने आदळले.

मरिनर–१० च्या तिन्ही भेटी १७६ दिवसांच्या अंतराने, म्हणजे नेमक्या एका बुधदिनाने (तेथील एका सूर्योदयापासून पुढच्या सूर्योदयापर्यंतच्या काळाने) झाल्या. परिणामी दर वेळी तोच गोलार्ध उजळलेला होता व निम्म्याहून कमी पृष्ठभागाची छायाचित्रे मिळाली. या फेरभेटी शक्य असल्याचे कोलंबो यांनीच सुचविले होते. त्यांच्या टोपणनावाचे बेपीकोलंबो हे यूरोपीय व जपानी संस्थांचे संयुक्त यान २० ऑक्टोबर २०१८ रोजी निघाले. यानाला ढकलणाऱ्या विद्युत प्रणोदकांना पुरेशी वीज न मिळाल्याने कक्षाप्रवेश डिसेंबर २०२५ वरून नोव्हेंबर २०२६ पर्यंत लांबला. मेसेंजरची कक्षा लंबगोल व उत्तरेकडे झुकलेली होती. दक्षिण गोलार्धाचे तपशील त्यामुळे तुटपुंजे आहेत, आणि ती उणीव बेपीकोलंबोच्या दोन उपग्रहांनी भरून काढावी अशी योजना आहे.

बुधावरील विवरांना कलावंत व साहित्यिकांची नावे देण्याचा संकेत आहे; त्यांत व्यास, वाल्मीकी, कालिदास व त्यागराज आहेत. रेखांश मोजण्यासाठी मात्र सु. दीड किमी. व्यासाचे ‘हुन काल’ हे चिमुकले विवर धरले जाते. माया भाषेत त्याचा अर्थ वीस. त्याचा रेखांश २० अंश पश्चिम ठरविलेला आहे.