ऑइल कूलर सुधारणा (मोटरसायकल)

वेगवान मोटरसायकलच्या इंजिनातील तेल थंड ठेवण्यासाठी मूळ ऑइल कूलरऐवजी मोठा किंवा अधिक कार्यक्षम कूलर बसवणे, त्याचबरोबर होज, जोडण्या आणि हवेचा मार्ग सुधारणे, याला ही संज्ञा वापरतात. इंजिनाची ताकद वाढवल्यावर, ट्रॅकवर सतत चढ्या आरपीएमला चालवताना किंवा मूळचे इंजिन हवेवर थंड होणारे असल्यास ही गरज भासते. सुझुकीच्या 1985 च्या जीएसएक्स-आर 750 मध्ये तेल पिस्टनच्या खालच्या बाजूवर आणि ज्वलनकक्षाच्या छतावर फवारले जाई. अशा इंजिनात तेल वंगणाइतकेच शीतकाचेही काम करते, म्हणून कूलरचे महत्त्व दुप्पट.

आधी तापमान मोजावे. सम्पमध्ये (इंजिनाच्या तळाशी तेल साठते त्या भागात) 90 ते 110 अंश सेल्सिअस ही निरोगी पातळी. 10डब्ल्यू-40 या दर्जाच्या तेलाची श्यानता (घट्टपणा) 100 अंशांना 12.5 ते 16.3 सेंटिस्टोक असते, ती 130 च्या आसपास जवळपास निम्म्यावर येते; त्यापुढे तेल झपाट्याने ऑक्सिडाइझ होते. तापमान जास्त आढळले तरी मिश्रण लीन (हवेच्या मानाने पेट्रोल कमी) आहे का, तेलाची पातळी कमी आहे का, जुन्या कूलरच्या फिन (उष्णता हवेत सोडणाऱ्या पातळ पट्ट्या) चिखलाने बुजल्या आहेत का, हे तपासल्याशिवाय नवा कूलर घेऊ नये. मूळ दोष तसाच ठेवून बसवलेला कूलर फक्त लक्षण झाकतो.

कूलर निवडताना बहुतेकांची नजर ओळींच्या (तेल वाहणाऱ्या आडव्या नळ्यांच्या) संख्येवर असते, पण खरा प्रश्न तेलाच्या आणि हवेच्या प्रवाहाचा असतो. 19 ओळींचा कूलर अरुंद बॅन्जो बोल्टवर (तेल आतून जाऊ देणाऱ्या पोकळ बोल्टवर) जोडला, तर दाब त्या बोल्टच्या छिद्रांतच खर्ची पडतो. एएन ही होज व जोडण्यांच्या मापांची पद्धत; एएन-6 होजचा आतला व्यास सुमारे 9 मिमी, एएन-8 चा सुमारे 11. मोठ्या इंजिनांना सहसा एएन-8 लागतो. हवेचेही तसेच: कूलरमागून गरम हवा बाहेर पडायला वाट नसेल, तर समोरून कितीही वारा आला तरी उपयोग नाही. शिवाय हवेवर थंड होणाऱ्या इंजिनात मोठा कूलर सिलिंडर हेडसमोर आला, तर हेडचीच हवा अडते.

होज जोडायची तोंडे वर किंवा बाजूला येतील असा कूलर बसवावा. तोंडे खाली आली तर हवा वरच्या ओळींत अडकून राहते. ब्रॅकेटला रबर बुश हवेतच, नाहीतर कंपनाने ब्रॅकेटच्या टोकाशी वेल्डिंगजवळ बारीक चीर जाते. फोर्क पूर्ण दाबून आणि हँडल दोन्ही बाजूंना टोकापर्यंत वळवून चाक व मडगार्ड कूलरला लागत नाहीत याची खात्री करावी. होज एक्झॉस्टच्या बेंड पाइपपासून दूर ठेवून क्लिपांनी बांधावी. घट्ट करताना दोन पाने (स्पॅनर) वापरावेत: एकाने कूलरचा बॉस (फिटिंग बसते तो आट्यांचा उंचवटा) धरायचा, दुसऱ्याने फिटिंग आवळायची. एकाच पान्याने जोर दिला, तर ॲल्युमिनियमचा बॉस कूलरच्या टाकीच्या कडेशी पिळवटून फाटतो. तांब्याचे वॉशर नवेच घालावेत. फिटिंगच्या आट्यांवर टेप गुंडाळू नये. तिचा तुकडा सुटून तेलाच्या वाहिनीत अडकतो. होज कापल्यावर आतला भुगा वाऱ्याने पूर्ण उडवावा.

बेअरिंग किंवा पिस्टन गेलेल्या इंजिनाचा जुना कूलर पुन्हा वापरू नये. धातूचा चुरा फिनमागच्या बारीक वाटांत बसतो, कितीही धुतले तरी पूर्ण निघत नाही आणि नव्या बेअरिंगमध्ये पोचतो.

कूलर व होजमध्ये जास्तीचे तेल मावते, बऱ्याचदा 200 ते 300 मिली. ते आधीच भरून घ्यावे. मग इंजिन सुरू होऊ नये म्हणून कॉइल आणि इंजेक्टरचे कनेक्टर काढून तेलदाबाचा दिवा विझेपर्यंत स्टार्टर पाच-पाच सेकंद फिरवावा. नंतर इंजिन चालवून, बंद करून, काही मिनिटांनी पातळी पुन्हा पाहावी. ओल्या (इंजिनाच्याच तेलात चालणाऱ्या) क्लचसाठी तेल जासो या जपानी मानकाच्या एमए किंवा एमए2 दर्जाचेच हवे.

गरजेपेक्षा मोठा कूलर थंड हवेत उलटतो. तेल 80 अंशांच्या खालीच राहिले, तर पाणी आणि पेट्रोलची वाफ निघून जात नाही. ऑइल फिलरच्या झाकणाखाली दुधाळ साय दिसते. यावर थर्मोस्टॅट, म्हणजे तेल तापल्यावरच कूलरची वाट पूर्ण उघडणारी झडप, हा उपाय. तो बंद असतानाही थोडे तेल कूलरमधून जाऊ देतो, त्यामुळे पुढे तो उघडतो तेव्हा अगदी गार तेलाचा लोंढा एकदम इंजिनात येत नाही. पहिल्या 100 किलोमीटरनंतर प्रत्येक जोडणी कोरड्या कपड्याने पुसून पाहावी, कारण इथून गळलेले तेल थेट मागच्या टायरवर जाते.