गाईला पाला चारून दुधात झोप आणता येते का?

"झोप येत नाही? हे दूध प्या" अशा रील्स हल्ली भरपूर फिरतात, आणि त्यात नवीन भर म्हणजे गाईला अमुक पाला चारला की दुधातलं मेलाटोनिन, म्हणजे अंधारात शरीरात बनणारं झोपेचं संप्रेरक, वाढतं. यात काहीच तथ्य नाही असं नाही. पण आकडे कुणीच सांगत नाही आणि खरी मेख तिथेच आहे.

मेलाटोनिन पहिल्यांदा वेगळं काढलं तेच मुळी गाईगुरांच्या मेंदूतल्या पिनिअल ग्रंथींतून, 1958 मध्ये, येल विद्यापीठातल्या एरन लर्नर यांनी. वनस्पतींतही ते असतं हे 1995 मध्ये कळलं. मग 2014 मध्ये थायलंडच्या संशोधकांनी तिकडे झोपेसाठी वापरतात अशा सात वनस्पती तपासल्या, आणि ती यादी वाचताना आपल्या कोकणातलं परसच आठवतं: शेवगा, हादगा, शेवरी, टाकळा, कारलं. हादगा आणि शेवरी तर आपण गुराढोरांना सर्रास घालतो. सगळ्यात जास्त निघालं मिरवेलीच्या पानांत, वाळलेल्या एका ग्रॅममागे 1,000 नॅनोग्रॅमच्या आसपास. थायलंडमध्येच मग अशा वनस्पतींच्या गोळ्या करून दुभत्या गाईंना चारल्या, आणि दुधात मेलाटोनिन वाढलेलं दिसलं.

आता हिशोब करू. मिरवेलीचा किलोभर वाळका पाला म्हणजे 10 लाख नॅनोग्रॅम, म्हणजे 1 मिलिग्रॅम. मेडिकलमध्ये मिळणारी एक छोटी गोळी, आणि ती चारशे-पाचशे किलोच्या गाईला! त्यातलं काही रुमेनमधल्या (गाईच्या पोटाच्या पहिल्या मोठ्या कप्प्यातल्या) जिवाणूंच्या तावडीत सापडणार, उरलेलं शोषलं की आधी लिव्हरमध्ये जाणार आणि लिव्हर त्यातलं बरंचसं मोडून लघवीवाटे बाहेर काढणार. माणसातसुद्धा तोंडाने घेतलेल्या मेलाटोनिनचा जेमतेम सातवा हिस्सा रक्तात पोचतो.

म्हणून मला पाल्यापेक्षा गाईचा स्वतःचा कारखाना जास्त आवडतो. पिनिअल ग्रंथीत ट्रिप्टोफॅन या अमिनो आम्लापासून सेरोटोनिन बनतं आणि सेरोटोनिनपासून मेलाटोनिन, यातल्या कळीच्या एन्झाइमचं नाव एएएनएटी. गंमत अशी की उंदरात हे एन्झाइम बनवायचा आरएनए, म्हणजे त्याची पेशीतली कृती-चिठ्ठी, रात्रीच वाढतो, पण गाई-मेंढ्यांत तो दिवसाही भरपूर असतो, म्हणजे एन्झाइम दिवसभर बनतच असतं आणि बनेल तसं पेशीतलं प्रोटिआझोम, म्हणजे प्रथिनं मोडणारं यंत्र, त्याचे तुकडे करत असतं. अंधार पडला की नसांतून नॉरएपिनेफ्रिन हे निरोप देणारं रसायन येतं, पेशीत सायक्लिक एएमपी हा निरोप्या रेणू वाढतो, त्यामुळे एएएनएटीवर फॉस्फेट चिकटतो, त्या फॉस्फेटला 14-3-3 नावाचं प्रथिन येऊन बिलगतं, आणि मग प्रोटिआझोमला एन्झाइमला हात लावता येत नाही. रात्री लाईट लावला की हे संरक्षण सुटतं आणि काही मिनिटांत एन्झाइम खलास! बनलेलं मेलाटोनिन छोटं आणि चरबीत विरघळणारं असल्यामुळे रक्तातून कासेत सहज उतरतं, म्हणून अंधारात काढलेल्या दुधात ते दिवसाच्या दुधापेक्षा कितीतरी पट जास्त असतं. फिनलंडमध्ये असं 'रात्रीचं दूध' बाजारात आलं होतं.

आणि हो, कोजागिरीला चांदण्यात ठेवलेल्या दुधात 'चंद्राची औषधी शक्ती' उतरते असंही दरवर्षी सांगतात. पातेल्यात पिनिअल ग्रंथी नसते. दूध मसाला घालून आनंदाने प्यावं, पण औषध म्हणून कुणाच्या गळ्यात मारू नये.

बरं, रात्रीचं दूध तरी किती? लिटरला 40 नॅनोग्रॅम धरले तरी पाव लिटरच्या ग्लासात 10. एक मिलिग्रॅम गाठायला 1 लाख ग्लास लागतील. पाला चारून दुधातलं प्रमाण पाचपट केलं तरी 20,000 ग्लास. गरम दुधाने बरं वाटत असेल तर जरूर प्या, पण श्रेय मेलाटोनिनला देऊ नका, आणि त्या नावाखाली दुधाला दुप्पट भाव तर अजिबात देऊ नका.

गोठेवाल्यांसाठी यात अजून एक गोष्ट आहे जी रील्समध्ये कधीच येत नाही. दुभत्या गाईला रोज 16 तास उजेड दिला की मेलाटोनिनचा काळ आखडतो आणि दूध दिवसाला साधारण दोन लिटरने वाढतं, परदेशातल्या डेअऱ्या हे मुद्दाम करतात. उलट न्यूझीलंडमध्ये गाईंना मेलाटोनिनचे इम्प्लांट बसवून बघितले तेव्हा दूध घटलं. म्हणजे मेलाटोनिन भरपूर वाढवायचंच म्हटलं तर कॅनमधलं दूध कमी व्हायची शक्यता आहे, आणि डेअरी पैसे लिटर आणि फॅटवर देते.