विंडोज टाकताना ड्रायव्हर मागतंय : पेनड्राइव्ह अडलाय की डिस्क?

"काका, बघा की ओ, ड्रायव्हर मागूलालंय."

विंडोज टाकताना अडकलेला माणूस फोनवर एवढंच सांगतो. खानापूरचा कॉलेजचा पोरगा असो नाहीतर शहापुरातला साडीवाला, वाक्य तेच. माझा उलटा प्रश्नही ठरलेला: कुठल्या पानावर मागितला? 'इन्स्टॉल नाऊ' दाबल्या दाबल्या, की पुढं डिस्क निवडायच्या पानावर? दोन्हीकडं तीच 'ब्राउज' करायची खिडकी उघडते आणि दोन्हीकडं शब्द 'ड्रायव्हर' (विंडोजला मशीनचा एखादा भाग चालवायला शिकवणारा छोटा प्रोग्राम) हाच असतो. रोग मात्र वेगळे, आणि एकाचं औषध दुसऱ्याला दिलं तर अख्खी दुपार जाते.

पहिला संदेश असा: 'अ मीडिया ड्रायव्हर युअर कॉम्प्युटर नीड्स इज मिसिंग'. विंडोज ७मध्ये तोच 'सीडी/डीव्हीडी ड्राइव्ह डिव्हाइस ड्रायव्हर' म्हणून यायचा. दुसरा: 'वुई कुडन्ट फाइंड एनी ड्राइव्ह्ज', खाली 'लोड ड्रायव्हर'. पहिल्यात माल आणायचा तो पेनड्राइव्ह सापडत नाही. दुसऱ्यात माल उतरवायची ती डिस्क सापडत नाही.

पहिला संदेश लोकांना पटतच नाही. "अहो, पेनड्राइव्हवरूनच तर चालू झालंय, मग तोच कसा दिसत नाही?" शंका रास्त आहे. होतं असं की मशीन सुरू होताना पेनड्राइव्ह वाचतो तो बायोस, म्हणजे मदरबोर्डमधलाच मूळ प्रोग्राम. तो बूट.विम नावाची फाइल उचलून रॅममध्ये ठेवतो आणि बाजूला होतो. तिथून पुढं रॅममधलं छोटं विंडोज कारभार बघतं, आणि मुख्य माल, म्हणजे इन्स्टॉल.विम, त्याला स्वतःच्या ड्रायव्हरनं पुन्हा त्याच पेनड्राइव्हवरून वाचावा लागतो. बायोसला वाचता आलं म्हणून यालाही येईल असं नाही.

विंडोज १० किंवा ११ टाकताना हा संदेश आला तर माझं मत स्पष्ट आहे: ड्रायव्हर शोधत बसू नका. यूएसबीचे ड्रायव्हर त्यात असतात. बहुतेक वेळा इमेज (नेटवरून उतरवलेली विंडोजची ती एकच मोठी फाइल) अर्धवट उतरलेली असते, पेनड्राइव्ह नीट लिहिलेला नसतो, किंवा पोर्ट सैल असतो. 'कॅन्सल' करून मागं या, पेनड्राइव्ह दुसऱ्या पोर्टात घाला (निळा सोडून काळा बघा), पुन्हा 'इन्स्टॉल नाऊ' दाबा. निम्म्या वेळा मला एवढंच पुरलंय. नाहीतर इमेज पुन्हा उतरवा आणि चालू मशीनवर सर्टयूटिल कमांडनं तिचा हॅश (फाइलच्या आतल्या मजकुरावरून निघणारा ओळखीचा आकडा) काढून मायक्रोसॉफ्टनं दिलेल्या आकड्याशी ताडून बघा. लाइट जाऊन येऊन उतरलेली पाच-सहा जीबीची फाइल वरून धड दिसते, हॅश मात्र जुळत नाही.

हा संदेश खरं बोलतो तो विंडोज ७च्या बाबतीत. ते २००९ सालचं, यूएसबी ३चा ड्रायव्हर त्यात मुळातच नाही. तो आला विंडोज ८मध्ये, २०१२ साली. २०१५च्या स्कायलेक पिढीपासून इंटेलनं जुना यूएसबी २चा कंट्रोलर (पोर्ट सांभाळणारा भाग) काढला, म्हणजे काळ्या पोर्टात घालूनही उपयोग नाही. वर सांगितलेल्या शहापूरच्या साडीवाल्यांनी मशीन नवं घेतलं, पण बिलाचं सॉफ्टवेअर फक्त ७वर चालतं म्हणून हट्ट ७चाच. बायोसमध्ये यूएसबीचा कीबोर्ड व्यवस्थित, सेटअप सुरू झाला की कॅप्स लॉकचा दिवासुद्धा लागेना. मालक कीबोर्ड बदलायला निघाले होते! ड्रायव्हर होता पेनड्राइव्हमध्ये, आणि पेनड्राइव्ह वाचायला तोच ड्रायव्हर हवा. किल्ली पेटीत आणि पेटीला कुलूप. अशा वेळी दुसऱ्या मशीनवर डिझम नावाची विंडोजची कमांड वापरून यूएसबी ३चे ड्रायव्हर बूट.विम आणि इन्स्टॉल.विम या दोन्हींत आधीच घालावे लागतात. नुसत्या बूट.विममध्येच घातले तर सेटअप पुरा होतो आणि नव्या विंडोजमध्ये माउस मेलेला. (७चा सपोर्ट १४ जानेवारी २०२०लाच संपला, ते मशीन इंटरनेटला जोडू नका, हे मी त्यांना दोनदा सांगितलं. दोन्ही वेळा त्यांनी चहा मागवला.)

दुसरा संदेश आला की लोक नेमकं उलटं करतात. खानापूरच्या त्या पोरानं पेनड्राइव्ह तीन वेळा नव्यानं बनवला, मग एका दुकानात दाखवला. तिथं सांगितलं, एसएसडी गेली, नवी घाला. एसएसडी ठणठणीत होती. इंटेल प्रोसेसरच्या ११व्या पिढीपासून बऱ्याच लॅपटॉपमध्ये एनव्हीएमई (नव्या, वेगवान जातीची) एसएसडी व्हीएमडी नावाच्या कंट्रोलरच्या आड बसवलेली असते, आणि त्याचा ड्रायव्हर विंडोजच्या इमेजमध्ये बहुतेकदा नसतो. कंपनीतून आलेल्या विंडोजमध्ये तो घातलेला असतो, म्हणून फॉरमॅट करेपर्यंत काही कळत नाही. इथं ड्रायव्हर खरोखरच द्यायचा आहे: इंटेल रॅपिड स्टोरेज टेक्नॉलॉजीचा.

पण तो उतरतो .ईएक्सई म्हणून, आणि 'लोड ड्रायव्हर'ला .ईएक्सई कळत नाही. त्याला .आयएनएफ, .एसवायएस आणि .कॅट या फाइली लागतात. चालू मशीनवर कमांड प्रॉम्प्टमध्ये त्या सेटअप फाइलच्या नावापुढं '-एक्स्ट्रॅक्टड्रायव्हर्स' आणि एका फोल्डरचं नाव दिलं की फाइली सुट्या होतात. त्यातला व्हीएमडीचा फोल्डर पेनड्राइव्हवर टाका, 'ब्राउज' करून दाखवा.

व्हीएमडी बायोसमध्ये बंद करूनही डिस्क दिसते. काही बायोसमध्ये तो पर्याय लपवलेला असतो आणि मेन पानावर कंट्रोल + एस दाबल्यावरच उघडतो. कोऱ्या डिस्कवर टाकत असाल तर खुशाल करा. पण डिस्कवर आधीचं चालतं विंडोज ठेवायचं असेल तर हात लावू नका. 'इनॅक्सेसिबल बूट डिव्हाइस' म्हणून निळा पडदा येतो. घाबरू नका, व्हीएमडी परत चालू केलं की ते पुन्हा उठतं. इंटेलऐवजी एएमडीचा रायझन प्रोसेसर असलेल्यांना व्हीएमडीची भानगडच नाही. त्यांची डिस्क दिसत नसेल तर मात्र खरंच स्क्रू उघडून बघा.

पान आठवत नसेल, फोटोही काढला नसेल, तर शिफ्ट + एफ१० दाबा. काही लॅपटॉपवर एफएनही धरावं लागतं. काळी खिडकी येईल. 'डिस्कपार्ट' टाइप करा, मग 'लिस्ट डिस्क'. नुसता पेनड्राइव्ह दिसला, तर अडलीय ती डिस्क. नुसती डिस्क दिसली, तर पेनड्राइव्हला कंट्रोलरच मिळालेला नाही. दोन्ही दिसूनही मीडिया ड्रायव्हर मागत असेल तर इमेज फुटकी. आणि खिडकीच उघडेना, कॅप्स लॉकही लागेना, तर साडीवाल्यांची केस.

त्या पोराला मी हे सगळं फोनवरच करायला लावलं. फाइली सुट्या करायला त्याला मित्राचा लॅपटॉप आणावा लागला, तेवढा अर्धा तास गेला. ड्रायव्हर दाखवल्यावर खिडकी थोडा वेळ गप्प राहिली, मग तो ओरडला, "आली ओ काका! ४७६.९ जीबी दाखवूलालंय. पण ५१२ची घेतलेली, बाकीची कुठं गेली?"