लेझेझी व वेझेर खोरे

लेझेझी : फ्रान्सच्या नैर्ऋत्येकडील दोर्दोन्य जिल्ह्यातील एक खेडे. पेरिगो शहराच्या आग्नेयीस सुमारे ४५ किमी.वर, वेझेर व ब्यन या नद्यांच्या संगमाजवळ ते वसले आहे. शेजारची मानोरी व सें-सिर्क ही गावे २०१९ मध्ये त्यात विलीन झाली. तरीही लोकवस्ती हजाराच्या आसपासच आहे. गावातील घरांची एक रांग सरळ कड्याला टेकून उभी असून काहींची मागची भिंत म्हणजे कडाच आहे. जगभरच्या प्रागितिहासाच्या पुस्तकांत येणारी क्रो-मॅग्नन, ला मादलेन, ल मुस्तिए, फाँ-द-गोम, कोंबारेल ही स्थळे या गावात किंवा त्याच्यापासून पायी अथवा सायकलने जाता येईल इतक्या अंतरावर आहेत.

भूरचना : वेझेर नदी मिलव्हाश पठारावर उगम पावून लिमय येथे दोर्दोन्य नदीला मिळते. तिच्या मधल्या टप्प्यातील खोरे उत्तर क्रिटेशस काळातील चुनखडकात कोरले गेले आहे. या खडकात कठीण व मऊ थर एकाआड एक आढळतात. हिमयुगात थरांतील पाणी गोठून-वितळून मऊ थर झिजत गेले आणि कठीण थर छज्जासारखे पुढे राहिले. त्यांतून शैलाश्रय, म्हणजे पुढे आलेल्या खडकाच्या छताखालचे आडोसे, तयार झाले. दक्षिणेकडे तोंड असलेल्या शैलाश्रयांत थंडीतही ऊन येई, खाली नदीचे पाणी होते आणि उतारावरून शिकारीच्या जनावरांवर नजर ठेवता येई. वस्ती एकाच जागी पुनःपुन्हा का झाली, हे या रचनेकडे पाहिले की बरेचसे उमगते. छताचे तुकडे वरचेवर कोसळत राहिल्याने जुनी राख, हाडे व हत्यारे थराथराने झाकली गेली. लोजरी-ओत या शैलाश्रयात छताचे प्रचंड धोंडे जेथे पडले तेथेच आजही आहेत आणि त्यांच्याभोवतीनेच उत्खनन करावे लागले. कड्यांवर सदाहरित ओक, तर सखल भागात अक्रोडाच्या बागा दिसतात.

संशोधनाचा इतिहास : एद्वार लार्ते हा फ्रेंच पुराजीवशास्त्रज्ञ व हेन्री क्रिस्टी हा इंग्रज संग्राहक यांनी १८६३ मध्ये येथे पद्धतशीर उत्खननास आरंभ केला. १८६४ मध्ये ला मादलेन येथे त्यांना मॅमथच्या सुळ्याचा एक तुकडा सापडला. त्यावर मॅमथचेच चित्र कोरलेले होते. उंचवट्याचे कपाळ, वळलेले सुळे आणि पोटाखाली लोंबणारे केस इतके नेमके आहेत की, कोरणाऱ्याने तो प्राणी जिवंत पाहिला होता याविषयी शंका उरली नाही. माणूस व नष्ट झालेले प्राणी समकालीन होते की नव्हते, हा वाद तेव्हा तापलेला होता. या तुकड्याने तो जवळजवळ मिटवला.

लार्तेने प्रागितिहासाचे कालविभाग प्राण्यांवरून पाडले होते. पुढे गाब्रिएल द मॉर्तिये या फ्रेंच पुरातत्त्वज्ञाने ते हत्यारांवरून व स्थळांच्या नावांवरून पाडले आणि ल मुस्तिएवरून मूस्टेरियन (निअँडरथल या नष्ट झालेल्या मानवजातीच्या काळातील), ला मादलेनवरून मॅग्डेलेनियन (हिमयुगाच्या अखेरीची) या संज्ञा रूढ झाल्या. ही वर्गवारी पश्चिम युरोपबाहेर सरसकट लावली गेली, ते योग्य नव्हते असे आज बहुतेक अभ्यासक मानतात. मात्र खुद्द या खोऱ्यापुरती ती अजूनही उपयोगी आहे. देनी पेरोनी या स्थानिक शाळामास्तर-संशोधकाने १९३३ मध्ये उत्तर पुराश्मयुगाच्या (जुन्या दगडी युगाच्या शेवटच्या टप्प्याच्या) पूर्वार्धात हत्यारांच्या घडणीवरून ऑरिग्नेशियन व पेरिगॉर्डियन असे दोन समांतर प्रवाह कल्पिले. गावातील आब्री पातो या शैलाश्रयात हॅलम मोव्हियस या अमेरिकन पुरातत्त्वज्ञाने १९५३ ते १९६४ या काळात उत्खनन करून चौदा वस्तिथर काटेकोरपणे नोंदवले. पुढील संशोधनात पेरिगॉर्डियन ही एकसंध परंपरा टिकली नाही. तिचा आरंभीचा भाग शातेलपेरोनियन, तर नंतरचा ग्रॅव्हेटियन म्हणून वेगळा काढण्यात आला. थरांचा पुरावा पाहता हीच विभागणी अधिक ग्राह्य वाटते.

क्रो-मॅग्नन येथील सांगाडे : १८६८ मध्ये रेल्वे-स्थानकाच्या परिसरातील रस्त्यासाठी माती काढताना मजुरांना कड्याखाली मानवी हाडे लागली. एद्वार लार्तेचा मुलगा लुई याने तेथे उत्खनन केले. किमान चार प्रौढ व एक बालक यांचे अवशेष, भोके पाडलेले सागरी शिंपले व प्राण्यांची हाडे मिळाली. ‘क्रो-मॅग्नन मानव’ हे नाव येथूनच आले. आरंभीच्या यूरोपीय आधुनिक मानवाला ते दीर्घकाळ लावले गेले. तो वेगळा वंश होता ही कल्पना मात्र आता मागे पडली आहे.

या सांगाड्यांचा काळ वादग्रस्त आहे. जुने लेखक त्यांना ऑरिग्नेशियन मानत. ते थर घाईत व आजच्या पद्धतीच्या नोंदींशिवाय उकरले गेले, त्यामुळे हाडे नेमकी कोणत्या थरातील हे पडताळता येत नाही. २००२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या कालमापनात एका शिंपल्याचा काळ सुमारे २७,७०० कार्बन-वर्षे (किरणोत्सारी कार्बनवरून काढलेली), म्हणजे अंशांकनानंतर (प्रत्यक्ष वर्षांत बदलल्यावर) ३१ ते ३२ हजार वर्षांच्या आसपास आला. यावरून दफने ऑरिग्नेशियननंतरच्या ग्रॅव्हेटियन काळातील ठरतात. कालमापन शिंपल्याचे आहे, हाडांचे नव्हे, ही मर्यादा लक्षात ठेवावी लागते. तथापि तसे छिद्रित शिंपले दफनांशी निगडित असावेत असे मानण्यास पुरेसा आधार दिसतो. ‘वृद्ध’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या पुरुषाच्या कपाळावरील खळगा पूर्वी बुरशीसदृश संसर्गाचा मानला जाई. २०१८ मध्ये काही फ्रेंच वैद्यक-संशोधकांनी तो चेतातंतूंच्या गाठींच्या आनुवंशिक विकाराचा असल्याचे मत मांडले.

गुहाचित्रे : १८९५ मध्ये एमिल रिव्हिएर या फ्रेंच संशोधकाने ला मूत या गुहेच्या भिंतीवरील कोरीव चित्रे जाहीर केली; परंतु स्पेनमधील आल्तामिरा गुहेतील चित्रांप्रमाणे तीही बनावट असल्याचा संशय होताच. सप्टेंबर १९०१ मध्ये कोंबारेल व फाँ-द-गोम या दोन गुहांतील चित्रे काही दिवसांच्या अंतराने उजेडात आली. लुई कापिताँ, आंरी ब्रय व पेरोनी यांनी ती अभ्यासली. काही रेषांवर चुन्याचा थर चढलेला होता, त्यामुळे बनावटीचा आक्षेप टिकेना. एमिल कार्तायाक या प्रमुख संशयवाद्याने १९०२ मध्ये आपले मत जाहीरपणे बदलले.

कोंबारेल ही सुमारे अडीचशे मीटरांची अरुंद, नागमोडी गुहा. तीत घोडे, रेनडिअर, मॅमथ, सिंहीण यांची बारीक रेषांची कोरीव चित्रे आहेत. एक रेनडिअर मान खाली घालून खडकाच्या नैसर्गिक फटीला तोंड लावतो. ती फट म्हणजे पाणी. दिवा तिरपा धरल्याशिवाय ही रेषा दिसत नाही. फाँ-द-गोममध्ये रंगचित्रे आहेत, त्यांत बायसन सर्वाधिक. एका ठिकाणी काळ्या रंगातील नर रेनडिअर मान वाकवून गुडघे टेकलेल्या लाल मादीचे कपाळ चाटताना दाखवला आहे. रंग बराच उडाला असून आता मुख्यतः कोरीव रेषांवरून चित्र ओळखता येते. स्थानिकांना ही गुहा आधीपासून माहीत होती आणि काही आकृत्यांवर जुन्या पाहुण्यांनी खरडलेली नावे आहेत, हे पाहून वाईट वाटते.

चित्रे शैलीवरून सामान्यतः मॅग्डेलेनियन काळातील मानतात. या खोऱ्यातील काळा रंग केवळ मँगॅनीज व लोहाच्या ऑक्साइडांचा आहे, म्हणून सेंद्रिय कार्बनवरून वय ठरवणारी कार्बन-१४ पद्धत लागू पडत नाही, अशी दीर्घकाळ समजूत होती. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या तपासणीत फाँ-द-गोममधील काही आकृत्यांत कोळसाही आढळला. त्यामुळे आता थेट कालमापनाची वाट मोकळी झाली आहे.

गेलेले अवशेष : ल मुस्तिए येथे १९०८ मध्ये मिळालेला निअँडरथल तरुणाचा सांगाडा ओटो हाउझर याने बर्लिनच्या संग्रहालयाला विकला. काप-ब्लाँ या शैलाश्रयातील घोड्यांच्या उठावशिल्पाखाली मिळालेला स्त्रीचा सांगाडा शिकागोला गेला. १९१२ मध्ये गोर्ज दाँफेर दरीतील शैलाश्रयाच्या छतावर सुमारे एक मीटर लांबीचा, आकडीसारखा जबडा असलेला सामन मासा आढळला. तोही कापून परदेशी पाठवण्याची तयारी झाली होती. शासनाने वेळीच हस्तक्षेप केला; माशाभोवती चौकोनात पाडलेली खोल भोके आजही छतावर आहेत. गावातील राष्ट्रीय प्रागितिहास संग्रहालयाची मागणी या पार्श्वभूमीवर बळावली. पेरोनीच्या खटपटीने १९१३ मध्ये कड्यावरचा पडका गढीवजा वाडा शासनाने घेतला. १९२३ मध्ये संग्रहालयाचे उद्‌घाटन झाले व २००४ मध्ये नवी इमारत उघडली. ल मुस्तिए येथे १९१४ मध्ये सापडून नंतर हरवलेला निअँडरथल अर्भकाचा सांगाडा याच संग्रहालयाच्या साठ्यात १९९६ मध्ये पुन्हा ओळखला गेला.

मध्ययुगीन अवशेष : गावाच्या तायाक या भागातील बाराव्या शतकातील तटबंदीयुक्त चर्च उल्लेखनीय आहे. नदीच्या वरच्या अंगाला रोक सें-क्रिस्तोफ हा सुमारे एक किमी. लांबीचा कडा असून त्याच्या गच्च्यांवर मध्ययुगात वस्ती होती. ती फ्रान्समधील कॅथलिक-प्रॉटेस्टंट युद्धांच्या काळात १५८८ मध्ये उद्ध्वस्त झाली.

पर्यटन : १९७९ मध्ये वेझेर खोऱ्यातील पंधरा स्थळे यूनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आली; माँतिन्याक येथील लास्को ही चित्रगुहा त्यांपैकीच. ती मूळ गुहा १९६३ पासून बंद असून प्रतिकृती दाखवतात. उलट फाँ-द-गोममध्ये मूळ रंगचित्रे अजून पाहता येतात, पण श्वासातील बाष्प व कार्बन डाय-ऑक्साइड यांमुळे दिवसाला मोजक्याच लोकांना प्रवेश मिळतो. आगाऊ नोंदणी करावी. मूळ चित्रे टिकवायची तर हे बंधन आणखी कडक झाले तरी चालेल. लोजरीजवळच १९२४ मध्ये सापडलेली ग्राँ रोक ही चुन्याच्या लवणस्तंभांची गुहा आहे. तीत चित्रे नाहीत. पेरिगोकडून येणारी रेल्वे गावात थांबते. उन्हाळ्यात वेझेरवर होड्या चालतात आणि ला मादलेनचा कडा नदीतूनच सर्वांत चांगला दिसतो.