अठरा व्होल्टचा हिशेब

मुंबईच्या नागदेवी स्ट्रीटवर बॅटरीचं ड्रिल मागितलं की दुकानदार आधी व्होल्ट सांगतो. १२, १८, २०, २१. स्वस्तातल्या खोक्यांवर तर ‘४८ व्हीएफ’, ‘८८ व्हीएफ’ असलंही काहीबाही छापलेलं असतं. गिऱ्हाईक साहजिकच मोठ्या आकड्याकडे हात करतं. रोजच्या कामासाठी मशीन घेणाऱ्या सुताराला, प्लंबरला किंवा फॅब्रिकेटरला या आकड्यातून जवळजवळ काहीच कळत नाही.

लिथियम-आयनचा एक सेल पूर्ण भरला की ४.२ व्होल्ट दाखवतो, आणि काम करताना सरासरी ३.६ व्होल्टच्या आसपास राहतो. असे पाच सेल एकामागे एक जोडले की सरासरी होते १८, आणि चार्जरवरून नुकताच काढलेला पॅक दाखवतो २१. त्यामुळे १८, २० आणि २१ ही एकाच पॅकची तीन नावं झाली. डीवॉल्ट अमेरिकेत ‘२० व्होल्ट मॅक्स’ म्हणून विकते तेच युरोपात १८ व्होल्टचं म्हणून विकते. ‘८८’ छापलेल्या पॅकच्या पोटात पाचच सेल निघाले तर तोही अठराचाच, मग खोक्यावर कितीही छापू द्या.

ही हत्यारं तशी जुनी. ब्लॅक अँड डेकरनं निकेल-कॅडमियम सेलवर चालणारं ड्रिल १९६१ मध्ये आणलं. तो सेल जेमतेम १.२ व्होल्टचा, म्हणजे १८ व्होल्टसाठी पंधरा सेल लागायचे आणि मशीन मनगटाला जड व्हायचं. मकिताचं ७.२ व्होल्टचं रिचार्जेबल ड्रिल १९७८ मधलं. २००५ च्या सुमारास मिलवॉकी आणि मकिता यांनी लिथियम-आयनवरची दणकट मशीनं बाजारात आणली आणि चित्र बदललं. कॅडमियम विषारी असल्यानं युरोपीय संघानं २०१६ च्या अखेरीस कॉर्डलेस हत्यारांतल्या त्या बॅटऱ्यांवर बंदीच घातली. मधल्या काळात, १९७१ मध्ये, अपोलो १५ च्या अंतराळवीरांनी चंद्राची जमीन खोदली तीही बॅटरीच्याच ड्रिलनं. तिथं भोक अर्ध्यावर अडलं. मशीन ठीक होतं, घोळ होता बिटात, म्हणजे पुढे लावायच्या, भोक पाडणाऱ्या दांड्यात. लांब बिट तुकडे जोडून केलेलं होतं आणि सांध्यांपाशी त्याच्या खाचा उथळ पडत होत्या, त्यामुळे चुरा वर न येता तिथंच ठासला. अपोलो १६ साठी ते बिट सुधारून घेतलं. स्वस्त बिट लावून महागड्या मशीनला शिव्या घालणाऱ्यांनी हे जरूर लक्षात ठेवावं.

आता खरा मुद्दा. मोटरला मिळणारी ताकद म्हणजे व्होल्ट गुणिले अँपिअर. अठराच्या सगळ्या पॅकचे व्होल्ट सारखेच, तर फरक पडतो अँपिअरमध्ये, म्हणजे पॅक एका क्षणी किती करंट देऊ शकतो यात. प्लायवूडमध्ये स्क्रू बसवताना मशीन थोडाच करंट घेतं, पण ग्राइंडरनं लोखंडी अँगल कापायला घेतला की तो सहज ४० अँपिअरवर जातो. आणि प्रत्येक सेलला स्वतःचा अंतर्गत रोध असतो. करंट वाढला की या रोधापायी थोडे व्होल्ट सेलच्या आतच खर्ची पडतात आणि त्यांची उष्णता होते.

समजा एका सेलचा रोध २० मिलीओहम आहे. पाच सेलच्या छोट्या पॅकचा झाला १००, म्हणजे ०.१ ओहम. ४० अँपिअर वाहताना ४ व्होल्ट आतच गळतात. मोटरला मिळतात १४ व्होल्ट, आणि १६० वॉट पॅकच्या पोटात उष्णता होऊन साठतात. सेलमागे ३२ वॉट. आता दहा सेलचा पॅक घेऊ, पाचाच्या दोन रांगा शेजारी शेजारी. करंट दोन रांगांत वाटला जातो, एकूण रोध निम्मा होतो, गळती २ व्होल्टवर येते, आणि ८० वॉट उष्णता दहा सेलांत विभागते. सेलमागे ८ वॉट. करंट निम्मा केला की उष्णता चौथाई, कारण ती करंटच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. खोक्यावर ‘५.० एएच’ (अँपिअर-अवर, म्हणजे पॅकची साठवण) असतं तेव्हा आत बहुधा दहा सेल असतात, ‘२.० एएच’ म्हणजे बहुधा पाच. मोठा पॅक जास्त वेळ टिकतो हे सगळ्यांना माहीत असतं. तोच पॅक त्याच मशीनला जास्त जोरही देतो, हे दुकानात सहसा कुणी सांगत नाही. छोटा पॅक ग्राइंडरला लावला तर चाक दबतं, पॅक भाजल्यासारखा तापतो आणि संरक्षक सर्किट मशीन मध्येच बंद पाडतं. मालक मात्र मशीनलाच बोल लावतो.

काही कंपन्या याच कारणासाठी व्होल्ट खरोखर वाढवतात. तेवढ्याच वॉटला व्होल्ट दुप्पट म्हणजे करंट निम्मा. मकिताची काही मशीनं १८ चे दोन पॅक लावून ३६ व्होल्टवर चालतात. डीवॉल्टनं २०१६ मध्ये आणलेल्या फ्लेक्सव्होल्ट पॅकमध्ये पंधरा सेल असतात. लहान मशीनला लावला की पाचाच्या तीन समांतर रांगा, मोठ्याला लावला की पंधराची एकच रांग, म्हणजे ५४ व्होल्ट. अलीकडचे ‘टॅबलेस’ सेल रोधावरच घाव घालतात. जुन्या सेलमध्ये गुंडाळलेल्या पत्र्यातला सगळा करंट एखाद्या बारीक पट्टीतून बाहेर यायचा, यांत पत्र्याची अख्खी कडच जोडलेली असते.

किती वेळ चालेल याचं गणित सोपं आहे. १८ व्होल्ट गुणिले ५ एएच म्हणजे ९० वॉट-अवर. (विमानात हा आकडा कामाला येतो. १०० वॉट-अवरपर्यंतचे सुटे पॅक विमान कंपनीच्या वेगळ्या परवानगीशिवाय केबिनमधल्या सामानात नेता येतात, चेक-इनच्या बॅगेत मात्र मुळीच नाहीत. ६ एएचचा पॅक १०८ वॉट-अवरचा, त्याला परवानगी लागते.) ग्राइंडर सलग ७०० वॉट ओढत राहिला तर हे ९० वॉट-अवर आठ मिनिटांतही संपतात. वायरच्या ८५० वॉटच्या ग्राइंडरशी तुलना करताना एक खाचखळगा आहे. ते ८५० भिंतीतून ओढलेले असतात, चाकापर्यंत साधारण ४५० ते ५०० पोचतात. बॅटरीच्या मशीनमधली चांगली ब्रशलेस (घासणारे कार्बन नसलेली) मोटर यापेक्षा बरीच कमी वीज वाया घालवते, म्हणून बॅटरीचा ग्राइंडर वाटतो तितका दुबळा नसतो. तरीही आठ मिनिटं ती आठच मिनिटं. साइटवर ग्रिल बसवताना दोन अँगल कापायचे, एक टोक घासायचं, एवढ्यापुरता तो झकास. वर्कशॉपमध्ये दिवसभर वेल्डिंगचे सांधे घासायचे असतील तर वायरवालाच बरा, आणि हे मी बॅटरीच्या मशीनचा चाहता असूनही म्हणतोय.

ब्रशलेसबद्दल थोडं सविस्तर बोलायला हवं, कारण दुकानात तो शब्द मंत्रासारखा म्हटला जातो. साध्या मोटरमध्ये फिरणाऱ्या आर्मेचरवर तांब्याची गुंडाळी असते आणि कार्बनचे दोन ठोकळे घासत घासत तिला वीज देतात. घासण्यात ऊर्जा जाते, ठिणग्या उडतात, कार्बन झिजतो. ब्रशलेसमध्ये उलट असतं. चुंबक फिरतात, गुंडाळी जागेवर राहते, आणि कुठल्या गुंडाळीत केव्हा वीज सोडायची ते छोटा बोर्ड ठरवतो. घर्षण कमी, उष्णता कमी, एका चार्जवर काम जास्त. बोर्डामुळे मशीन करंटवरही नजर ठेवतं. बिट सळईत अडकलं की मोटरची वीज तोडायची सोयही काही मशीनांत असते, आणि हे मनगट वाचवणारं आहे.

पण तालुक्याच्या गावी आर्मेचर जळालं तर रिवाइंडिंगवाला असतो. तो तारा उलगडतो, नव्या गुंडाळतो, वार्निश मारतो, आणि मशीन पुन्हा कामाला लागतं. कार्बन तर कुठल्याही हार्डवेअरमध्ये मिळतात. ब्रशलेसचा बोर्ड गेला की मात्र त्याच कंपनीचा बोर्ड मागवणं आलं, आणि त्याची किंमत ऐकून पुष्कळजण नवंच मशीन घेतात. अधिकृत सर्व्हिस सेंटर शंभर किलोमीटरवर असेल तर मशीन घेण्याआधी बोर्डाची किंमत आणि तो यायला लागणारे दिवस विचारून घ्यावेत. साध्या ड्रिलपुरतं कार्बनवालं मशीन घेणाऱ्याला मी तरी कमी लेखणार नाही.

भिंतीच्या भोकांत लोक हमखास चुकतं मशीन घेतात. इम्पॅक्ट ड्रिलमध्ये दात असलेल्या दोन चकत्या एकमेकींवर घसरतात आणि मिनिटाला हजारो बारीक ठोके बसतात. प्रत्येक ठोका इतका हलका की जोर माणसालाच लावावा लागतो. विटेच्या भिंतीत हे निभतं. आरसीसी स्लॅबला खालून फॉल्स सीलिंगचे अँकर मारायचे असतील तर खांदे भरून येतात आणि भोक काही पुढे सरकत नाही. साइटवर सरसकट ‘हिल्टी’ म्हटलं जातं ते रोटरी हॅमर वेगळ्या तऱ्हेनं चालतं. आतला पिस्टन हवा दाबतो, ती हवा ठोकळा पुढे फेकते, तो बिटाच्या बुडावर आदळतो. बॅटरीच्या मध्यम मशीनमध्ये एका ठोक्याला साधारण २ ज्यूल आणि मिनिटाला चार-साडेचार हजार ठोके. हातानं फक्त मशीन धरायचं, दाबायचं नाही. म्हणून काँक्रीटमध्ये रोज भोकं पाडणाऱ्यानं न्यूटन-मीटर (पिळण्याचा जोर) विचारत बसू नये, ज्यूल (ठोक्याची ऊर्जा) विचारावेत. न्यूटन-मीटर स्क्रू-बोल्टच्या कामाचे. तिथंही इम्पॅक्ट ड्रायव्हर १७०-१८० दाखवतो आणि ड्रिल-ड्रायव्हर ५०-६०. पण इम्पॅक्ट ड्रायव्हरचा जोर छोट्या छोट्या फटक्यांतून येतो, म्हणून एवढा जोर असूनही तो मनगट पिळत नाही.

उन्हाळ्याचा विचार खोक्यावर कुठेच लिहिलेला नसतो. मे महिन्यात चंद्रपूर-नागपूरकडे हवाच ४५ अंशांवर जाते, मग उघड्या स्लॅबवर ठेवलेला काळा पॅक कुठवर पोचेल याचा अंदाज करा. त्यात ग्राइंडर चालवून आतून तापलेला. असा पॅक चार्जरला लावला की दिवा लुकलुकतो आणि चार्जिंग सुरूच होत नाही. चार्जर बिघडलेला नसतो, तो पॅक थंड व्हायची वाट बघत असतो. तापलेल्या सेलमध्ये नको त्या रासायनिक क्रिया वेगानं होतात, विजेचं वहन करणारं लिथियम त्यात अडकून पडतं आणि क्षमता कायमची घटते. पॅक सावलीत, पंख्याखाली निववावा. ओल्या फडक्यात गुंडाळू नये. पूर्ण भरून गाडीच्या डॅशबोर्डवर ठेवणं हा पॅक मारायचा खात्रीचा मार्ग. पावसाळ्यात काम बंद असेल तर अर्धा भरून थंड जागी ठेवावा. ‘पूर्ण संपवूनच चार्ज करा’ हा निकेल-कॅडमियमच्या काळातला सल्ला आता विसरायचा, लिथियमला त्यानं तोटाच होतो.

नकली पॅक ओळखायला वजनकाटा पुरे. १८ मिलिमीटर व्यासाचा, ६५ मिलिमीटर उंचीचा सेल ४५ ग्रॅमच्या आसपास भरतो. असे दहा म्हणजे नुसते सेलच ४५० ग्रॅम, वर प्लास्टिक, पट्ट्या, बोर्ड. तेव्हा अशा सेलांचा ‘५ एएच’ लिहिलेला पॅक ३५० ग्रॅम भरला तर आत दहा सेल नाहीतच. वजन बरोबर असलं तरी आत लॅपटॉपच्या धाटणीचे सेल असू शकतात. ते साठवतात भरपूर, पण करंट सोसत नाहीत. ड्रिल चालेल, ग्राइंडर धाप टाकेल.

सुरक्षेच्या बाजूनं १८ व्होल्टचं मला मोठं कौतुक आहे. आपल्या साइटवर प्लग तुटलेल्या वायरी सॉकेटात काड्या खोचून बसवलेल्या असतात, खाली बाथरूमचं पाणी. बॅटरीच्या मशीननं हा धोका जातो. नवा एक येतो: वायरवाल्याचं बटण भिंतीवर बंद करता येतं, बॅटरीचं मशीन कायम जागं असतं. ग्राइंडरचं चाक बदलण्याआधी पॅक काढायची सवय हाताला लागलीच पाहिजे.

एका कंपनीचा पॅक दुसरीच्या मशीनला बसत नाही. मेटाबोनं २०१८ मध्ये काही कंपन्यांना एका पॅकवर आणलं, तसे आणखीही गट झाले, पण ते अपवाद. तेव्हा पहिलं ड्रिल घेताना पुढच्या चार मशीनचा विचार त्याच दिवशी करावा लागतो. मॉड्युलर किचन बसवणाऱ्याला ड्रिल-ड्रायव्हर, इम्पॅक्ट ड्रायव्हर आणि २ एएचचे दोन पॅक पुरतात. डोक्यावर हात करून काम करताना हलका पॅकच हवा. इलेक्ट्रिशियननं रोटरी हॅमर आणि ५ एएचचे दोन पॅक आधी घ्यावेत, बाकीचं सावकाश. फॅब्रिकेटरनं त्याच पॅकवरचा ग्राइंडर घ्यावा, पण वायरवाला विकू नये. आणि बिलावर पॅकचा नंबर व तारीख वेगळी लिहून घ्यावी, कारण मशीनची वॉरंटी आणि बॅटरीची वॉरंटी पुष्कळदा वेगवेगळ्या मुदतीची असते.